गोरेगावच्या अंगणात लिलॅक फुलेल का?

थंडी सुरू झाली की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत शहरांच्या तापमानाची चौकट येते आणि तिच्यातला सर्वांत खालचा आकडा पुष्कळदा गोंदियाचा असतो. आठ अंश, नऊ अंश, एखाद्या वर्षी त्याहूनही कमी. नागपूर-अकोल्याच्या लोकांना या आकड्याचं नवल वाटतं. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव, आमगाव, सालेकसा या भागातल्या माणसांना मात्र पहाटेच्या शेकोटीची सवयच असते. अशा गावातल्या बागेच्या हौशी माणसाने मोबाइलवर लिलॅकच्या फिक्या जांभळ्या तुऱ्यांची चित्रं पाहिली, तर 'आपल्याकडे थंडी आहे, मग हे झाड का लागू नये?' असा विचार त्याच्या मनात येणं स्वाभाविक आहे. घरातलं कोणी अमेरिकेत किंवा कॅनडात असेल, तर मे महिन्यात तिकडून फोटोही येतात. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात जॉन डनबार यांनी १८९२ साली हायलँड पार्कमध्ये लिलॅकच्या वीस जाती लावल्या. तिथे आज दरवर्षी मे महिन्यात लिलॅकची मोठी जत्रा भरते आणि तिकडे राहणारी मराठी कुटुंबंही मुलांना घेऊन ती पाहायला जातात.

म्हणून या प्रश्नाचा नीट आढावा घ्यायला हवा. 'आपल्याकडे होत नाही' एवढ्या एका वाक्यावर हौशी माणसाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

लिलॅक हे बाल्कनच्या डोंगराळ मुलखातलं झुडूप. सोळाव्या शतकात ते इस्तंबूलच्या बागांतून व्हिएन्नाला आणि तिथून पश्चिम युरोपभर गेलं. त्याच्या वर्षाचा क्रम ठरलेला आहे. वसंतात फुलं येतात, ती ओसरली की लगेच पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे तयार होतात आणि हे डोळे हिवाळाभर झोपी जातात. त्यांना जाग यायची तर लांबलचक, सलग थंडी अंगावरून जावी लागते. बहुतेक जुन्या जातींना सात अंशांखालचे कित्येक आठवडे लागतात. सफरचंदाचंही असंच आहे, म्हणूनच ते काश्मीर-हिमाचलात पिकतं आणि गोंदियात बाजारातून आणावं लागतं.

गोंदियाच्या थंडीचं गणित इथेच फसतं. पहाटे आठ अंशांवर आलेला पारा दुपारी पंचवीस-सत्तावीसवर चढतो. थंडी खरी, पण ती रात्रीच्या काही तासांची आणि तीही वर्षातल्या मोजक्या रात्रींची. झाडाच्या हिशेबात एवढी जमा अगदीच तोकडी पडते. त्यानंतर येतो पंचेचाळीस अंशांना भिडणारा मे, आणि मे संपला की साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस. लिलॅकला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही आणि हा तर भाताचा मुलूख. आषाढात गोरेगावच्या आसपास कुठेही कुदळ मारली तरी खड्ड्यात पाणी उभं राहतं. रोप जगलंच तर पानांवर जगेल. फूल दिसणार नाही.

लिलॅकला भारतात स्वतःचं घर नाही, असं मात्र नाही. हिमालयात, काश्मीर-हिमाचलपासून नेपाळपर्यंत, दोन हजार मीटरच्या वर त्याची एक सख्खी जात रानात उगवते. बागेतला लिलॅक काश्मीर खोऱ्यात उत्तम फुलतो. कोणाचा मुलगा किंवा मुलगी श्रीनगरला नोकरीत असेल तर तिथल्या अंगणात तो जरूर लावावा.

उष्ण प्रदेशात लिलॅक फुलवायचे प्रयत्नही झाले आहेत. लॉस एंजेलिसजवळच्या डेस्कान्सो बागेत वॉल्टर लॅमर्ट्स या संकरतज्ज्ञाने कमी थंडीत फुलणारी रोपं निवडत निवडत 'लॅव्हेंडर लेडी' ही जात घडवली. १९५० च्या दशकात ती बाजारात आली. पुढे 'एंजल व्हाइट', 'ब्लू स्काइज' अशी आणखी नावं त्यात भरली. तिथले माळी एक युक्ती करतात. उन्हाळ्यात पाऊस नसलेल्या त्या मुलखात शरद ऋतूत झाडाचं पाणी तोडतात, त्याला जबरदस्तीने झोपवतात आणि थंडी सरताना पुन्हा पाणी देतात. आपल्याकडे मोगऱ्याला किंवा संत्र्याला ताण देतात, तसाच हा प्रकार. हे वाचून विदर्भातल्या माणसाला आशा वाटू शकते. हिमाचलातल्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी शोधलेलं 'एचआरएमएन-९९' हे कमी थंडीचं सफरचंद मैदानी भागातही फळतं आणि महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनी ते लावून पाहिलं आहे, ही बातमी त्या आशेत भरच घालते. तरीही कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा आहे आणि रात्री थंड असतात. गोरेगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाड ओल्या उष्म्यात उभं असतं, आणि बुरशीला याहून चांगला हंगाम मिळत नाही. ऑनलाइन दुकानांतून 'लिलॅकचं बी' म्हणून येणाऱ्या पाकिटावर तर एक रुपयाही घालवू नये. बियांपासून आलेलं रोप आईसारखंच निघेल याची खात्री नसते. लिलॅकच्या नामांकित जाती वाढवतात त्या कलमांनी, डोळे भरून आणि मुळांतून फुटलेल्या धुमाऱ्यांनी.

तरीही लिलॅकच्या इतिहासातली एक गोष्ट गोरेगावच्या माळ्याने जरूर घ्यावी, आणि ती म्हणजे जातीच्या नावाची किंमत. फ्रान्समधल्या नान्सी गावच्या व्हिक्टर लेम्वान यांनी १८७० च्या सुमारास, गावात परकीय फौज असताना, लिलॅकच्या संकराला हात घातला. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती, म्हणून शिडीवर चढून चिमुकल्या फुलांत परागकण घालण्याचं काम त्यांच्या पत्नी मारी लुईज करत. या घराण्याने तीन पिढ्यांत दोनशेहून अधिक जाती दिल्या. १८९० सालची शुभ्र, भरगच्च पाकळ्यांची 'मादाम लेम्वान' आजही रोपवाटिकांत विकली जाते. पुढे मॉस्कोत लिओनिद कोलेस्निकोव्ह यांनी १९४० च्या दशकात गुलाबी कळ्या उमलून पांढऱ्या होणारी 'क्रासावित्सा मॉस्क्वी' केली. हॉलंडमध्ये पाकळीला पांढरी किनार असलेली 'सेन्सेशन' मिळाली. तिकडचा गिऱ्हाईक 'जांभळं झुडूप द्या' असं म्हणत नाही, तो नावाने मागतो, कारण उंची, रंग, फुलण्याचा काळ आणि रोग सोसण्याची ताकद हे सगळं त्या नावाला बांधलेलं असतं. आपल्याकडच्या रोपवाटिकांत आंब्याला आणि गुलाबाला नाव असतं, पण फुलझुडपाच्या पिशवीवर बहुधा नुसता रंग लिहिलेला असतो. बागेतल्या निम्म्या निराशेचं मूळ तिथे आहे.

आता प्रश्न थोडा फिरवून पाहू. लिलॅकमध्ये माणसाला नेमकं हवं असतं काय? फांदीच्या टोकाला उभा राहणारा घोसदार तुरा, फिका जांभळा रंग, गोड वास, आणि वर्षातून एकदा सगळं झुडूप फुलाने झाकून जाण्याचा तो सोहळा. गोरेगावात या चारही गोष्टी मिळतात. फक्त त्या एकाच झाडावर मिळत नाहीत.

तुरा, रंग आणि सोहळा हवा असेल तर पहिला मान चिनाई मेंदीचा. हिंदी पट्ट्याशी जवळीक असलेल्या गोंदिया जिल्ह्यात तिला 'सावनी' असंही म्हणतात. शास्त्रीय नाव लॅजरस्ट्रोमिया इंडिका. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक माग्नुस फॉन लागरस्ट्रोम यांनी लिनियसला पूर्वेकडच्या वनस्पतींचे नमुने पुरवले आणि लिनियसने १७५९ मध्ये या कुळीला त्यांचं नाव दिलं. झाड मूळचं चीनकडचं. पातळ, चुणीदार, क्रेप कापडासारख्या पाकळ्यांचे तुरे पावसाच्या आगेमागे येऊ लागतात आणि दिवाळीपर्यंत थांबत थांबत येत राहतात. हिवाळ्यात पानं तांबूस होऊन गळतात. साल सोलून निघते आणि गुळगुळीत, फिकं खोड उघडं पडतं, त्यामुळे पानं नसलेल्या दिवसांतही झाड बघण्यासारखं असतं.

या झाडाचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य असं की ते त्याच वर्षी आलेल्या नव्या फुटीवर फुलतं. लिलॅकला हिवाळी झोप अपुरी पडली की वर्ष वाया जातं. चिनाई मेंदीला थंडीची मोजणी लागतच नाही. तिला हवं ऊन, रोज किमान सहा तासांचं. भिंतीच्या सावलीत किंवा आंब्याखाली लावलेली चिनाई मेंदी नुसती पानांनी भरते आणि मालक दोष देतो रोपवाटिकेला.

तिचा शत्रू भुरी. पावसाळा सरून रात्री गार होऊ लागल्या की कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर पांढरी पूड चढते, पानं आखडतात, कळ्या उमलत नाहीत. गोंदियाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे फार दिसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड ईगॉल्फ यांनी १९६० च्या दशकापासून याच दुखण्यावर काम केलं. जपानच्या याकुशिमा बेटावरून १९५६ साली जॉन क्रीच यांनी आणलेल्या एका जंगली जातीला भुरी जवळजवळ लागत नव्हती. तिच्याशी संकर करून ईगॉल्फ यांनी १९७८ मध्ये पांढऱ्या फुलांची 'नॅचेझ' आणि फिक्या जांभळ्या फुलांची 'मस्कोगी' दिली. या मालिकेतल्या जातींना अमेरिकेच्या मूलनिवासी जमातींची नावं आहेत. लिलॅकच्या रंगाची खरी हौस असेल, तर शोधायची ती 'मस्कोगी'. मात्र ती झुडूप राहत नाही, सहा मीटरचं लहान झाड होते. जागा लहान असेल तर गडद जांभळी, बुटकी 'कटाव्बा' बरी. नावाचं रोप मिळालं नाही तर निदान फुलावर आलेलं रोप पावसाळ्यात पाहून घ्यावं आणि त्याच्या पानांवर भुरीचे डाग आहेत का, ते तिथेच तपासावं. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून देशभर माल जातो, त्यात ही झाडं असतात. पण पिशवीवरच्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवून घेतलेली 'जांभळी' पुष्कळदा राणी रंगाची निघते.

छाटणीत तर याहून मोठं नुकसान होतं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, नवी फूट येण्याआधी, वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या काढायच्या, एवढंच काम. पण दर वर्षी मनगटाएवढे फाटे एकाच उंचीवर कापून झाडाचे ठोंब करण्याची पद्धत सरकारी बागांपासून घरच्या अंगणापर्यंत सगळीकडे पसरली आहे. अशा ठोंबांतून लांब, लेचेपेचे फुटवे येतात आणि पहिल्या जोराच्या पावसात फुलांच्या भाराने जमिनीला टेकतात. झाडाची सुंदर साल आणि बांधा, दोन्ही हातचे जातात. फुलून गेलेला तुरा मात्र लगेच खुडावा. त्याखालून दुसरा बहर येतो. भुरी दिसलीच तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन सकाळी फवारावं, कडक उन्हात फवारू नये.

रोप लावायचं कुठे, हे माती ठरवते. पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याकडे मातीची स्वतःची नावं आहेत: कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी. काळ्या, चिकट कन्हारीत पावसाचं पाणी धरून राहतं आणि तिथे झुडपाला फूट-दीड फूट उंच गादीवाफा करूनच लावावं लागतं. खरडी, मोरांड यांसारख्या मातीत दोन फूट खड्डा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत, एवढं पुरतं. बरडीवर खत जास्त आणि पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून जमीन थंडावली की लावणी करावी. भाताच्या बांधीतली माती आणून अंगणात टाकायची पद्धत आहे, पण चिखलणी करून करून त्या मातीचा पोत मोडलेला असतो, ती वाळली की विटेसारखी होते. शंका असेल तर हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीची चौकशी करता येते.

चिनाई मेंदीचा थोरला भाऊ म्हणजे तामण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प. एप्रिल-मेच्या उन्हात येणारे त्याचे जांभळे तुरे पाहिले की लिलॅकची आठवण मागे पडते. पण त्याला वास नाही आणि तो झुडूप नाही, दहा-पंधरा मीटरचा वृक्ष आहे. शिवाय तो मूळचा पाण्याकाठचा, कोकणातल्या ओढ्यांवर रमणारा. घराच्या पायाशी त्याला लावू नये. गोरेगाव तालुक्यात त्याची खरी जागा मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवर आणि शाळांच्या मोकळ्या पटांगणांत आहे. या जिल्ह्यात तलाव इतके आहेत की तामणाची रांग लावायला जागेचा तोटा नाही.

आणि याच कुळीचं एक झाड इथल्या जंगलात आधीपासून उभं आहे, लेंडिया. नवेगाव-नागझिऱ्याच्या पानझडी रानात साग, ऐन, धावडा यांच्या सोबतीने तो वाढतो. उन्हाळ्यात त्याला लहान, पांढरी, सुवासिक फुलं येतात. फुलं दिखाऊ नाहीत, त्यामुळे बागवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण चिनाई मेंदीत नसलेला वास त्याच्याकडे आहे आणि गोंदियाचा मे महिना त्याने पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. संकर करणाऱ्या कोणा विद्यापीठाने या दोघांकडे एकत्र पाहावं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

वासाचा शोध घेताना एक सुखद गोष्ट समोर येते. लिलॅकचं घराणं गोरेगावात केव्हाचंच नांदतं आहे. मोगरा, जाई, जुई, कुंद आणि पारिजातक ही सगळी लिलॅकच्याच कुलातली. मध्य भारताच्या कोरड्या रानातला मोखा हा वृक्षही त्याच कुलातला आणि त्याच्या फुलांना रात्री सुगंध सुटतो. मोगऱ्यात निवड करताना माळ्याने फुलाचा उपयोग आधी ठरवावा. गजऱ्याला एकेरी, लांब कळीचा बरा. बटमोगऱ्याची गोल, भरगच्च फुलं देवघराला शोभतात, पण त्याला बहर कमी. डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यावा, जानेवारीत छाटावं, खत घालून पाणी सुरू करावं, म्हणजे मार्चपासून कळ्या लागतात. पारिजातकाला मात्र पाणी निचरून जाणारी उतरती जागा द्यावी, कन्हारीत त्याची मुळं कुजतात.

घोसाचा आकार आणि वास एकत्र हवा असेल तर साधी मेंदी विसरू नये. कुंपणाला लावून दर महिन्याला कातरली जात असल्यामुळे तिचं फूल कित्येकांनी पाहिलेलंच नसतं. एखादं झाड न कातरता सोडलं तर फांद्यांच्या टोकांना फिक्या पिवळट फुलांचे सैल तुरे येतात आणि संध्याकाळी त्यांचा वास अंगण ओलांडून जातो. कनौजचे अत्तरवाले याच फुलांचं हिना अत्तर काढतात. मेंदी, चिनाई मेंदी, तामण, लेंडिया हे सगळे एकाच कुलातले. एकाच वाफ्यात चिनाई मेंदी मागे आणि मोकळी सोडलेली मेंदी पुढे लावावी. लिलॅकच्या सर्वांत जवळ जाणारी जोडी कोणती, असं विचारलं तर उत्तर हेच.

ज्याला कमीत कमी कष्टात जांभळा रंग हवा, त्याने निर्गुडी लावावी. ओढ्याकाठी उगवणारं हे झुडूप फांदी खोचली तरी लागतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि निळसर जांभळे बारीक तुरे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत येत राहतात. कणगीतल्या धान्याला कीड लागू नये म्हणून तिची पानं घालण्याची रीत जुनी आहे. घरामागच्या सांदवाडीच्या कुंपणाला याहून चांगलं झुडूप नाही.

धुऱ्या-बांधांवरच्या गिरिपुष्पाचाही विचार करावा. भाताला हिरवळीचं खत मिळावं म्हणून कृषी विभाग त्याची लागवड सांगतो. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड थंडी सरताना पानं गाळतं आणि उघड्या फांद्या फिक्या गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरतात. त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही, त्याच्या बिया विषारी असतात. परसात ते नको, बांधावर असावं. हीच सावधगिरी बकाण नीमबाबत आणखी कडक पाळावी. त्याचे वासाचे फिके जांभळे घोस फार देखणे असतात आणि काही दुकानदार त्याचंच बी 'पर्शियन लिलॅक' म्हणून विकतात. पण त्याची पिवळी, गोल फळं माणसांना आणि डुकरांना विषारी आहेत. खेळती मुलं असलेल्या घरात ते झाड लावू नये.

राहता राहिला रोपांचा प्रश्न. चिनाई मेंदी, मेंदी, निर्गुडी आणि मोगरा या चौघांची रोपं विकत घेण्याची गरजच नाही. फेब्रुवारीतल्या छाटणीत निघालेल्या चिनाई मेंदीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या वीतभर कापून, दोन डोळे मातीवर ठेवून, वाळू-माती-शेणखताच्या पिशवीत सावलीला लावल्या तर पावसाळ्यापर्यंत मुळं धरतात. म्हणजे शेजारच्या गावात चांगल्या रंगाची, भुरी न धरणारी एक चिनाई मेंदी दिसली तर तिच्या काड्या मागून आणणं हीच जातीची खरी निवड. लेंडियाचं मात्र असं होत नाही. त्याच्या पंखदार बियांतलं पुष्कळसं बी पोकळ निघतं आणि राखीव जंगलातून रोप उपटून आणणं गुन्हा आहे. वनविभागाच्या रोपवाटिकांनी साग-बांबूच्या वाफ्यांशेजारी दोन वाफे लेंडियाचे आणि मोख्याचे केले, तर गोंदिया जिल्ह्यातल्या बागांना दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत अशी दोन सुवासिक झाडं मिळतील.